सार्थकता कोणाची? : वारंवारतावादाच्या पायाविषयी काही आक्षेप

मराठी विषयातील पीएच.डी.चे संशोधन-आराखडे मंजूर करणाऱ्या बैठकांना ज्यांना अलीकडे बसावे लागले आहे, त्यांना एक प्रश्न एव्हाना पाठ झाला असेल : ‘तुमची शून्य परिकल्पना कोणती?’ आमच्या एका विद्यार्थिनीला तो विचारला गेला तेव्हा आम्ही तेथे उपस्थित होतो. ज्ञानेश्वरी आणि ज्ञानदेवांच्या नावावर असलेले अभंग यांच्या शब्दकळेचा तौलनिक अभ्यास हा तिचा विषय. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी तिला मोठ्या आपुलकीने मार्ग सुचवला : दोन्हीकडचे शब्द मोजा, काय-स्क्वेअर कसोटी लावा, ०.०५ स्तरावर फरक सार्थ आला तर कर्ते दोन, न आला तर कर्ता एक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने उपस्थित केलेला वाद त्यांनी असा चहा येण्याच्या आत निकालात काढला. आराखडा ‘सांख्यिकीय चाचणीसह पुन्हा सादर करावा’ या शेऱ्यानिशी परत आला.

हा लेख त्या सदस्यांविरुद्ध नाही. त्यांनी तेच सांगितले, जे संशोधनपद्धतीच्या बहुतेक क्रमिक पुस्तकांत छापलेले असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने पीएच.डी.पूर्व अभ्यासक्रम अनिवार्य केला. संशोधनपद्धतीच्या त्या अभ्यासक्रमात संख्यात्मक पद्धतींचा समावेश ‘करता येईल’, एवढेच तेथे सुचवले होते. व्यवहारात त्या ‘करता येईल’चे ‘केलाच पाहिजे’ झाले, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या हाती एक अशी कसोटी आली की जिच्यामागे काही तत्त्वज्ञान आहे, याचा पत्ता ना शिकणाऱ्याला ना शिकवणाऱ्याला. आमचे भांडण आहे ते या अज्ञानाशी, आणि त्याहून अधिक, त्या तत्त्वज्ञानाने न दिलेली आश्वासने त्याच्या नावावर खपवण्याशी.

‘मराठीची माणसे आकड्यांना घाबरतात’ हा आक्षेप येणार हे आम्ही गृहीत धरले आहे. तेव्हा आधीच स्पष्ट करतो की साहित्यात मोजदाद करण्याला आमचा विरोध नाही. रशियन गणिती मार्कोव यांनी १९१३ साली पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’मधील वीस हजार अक्षरे मोजून स्वर-व्यंजनांचा क्रम तपासला, आणि त्यातून संभाव्यताशास्त्राला एक नवी शाखा मिळाली. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ यूल यांनी १९४४ साली साहित्यातील शब्दसंग्रहाच्या मोजणीवर अख्खे पुस्तक लिहिले. मोजणे हे वाचण्याचेच एक अंग आहे. प्रश्न मोजल्यानंतरचा आहे. आकडा हाती आल्यावर त्यावरून काय म्हणता येते, आणि ते म्हणण्याचा अधिकार कोठून येतो?

आज जगभर प्रचलित असलेल्या कसोट्यांच्या मुळाशी संभाव्यतेची एक विशिष्ट व्याख्या आहे. तिला वारंवारतावाद म्हणतात. इंग्लंडमध्ये जॉन व्हेन यांनी १८६६ साली तिची सविस्तर मांडणी केली. रिचर्ड फॉन मिझेस यांनी १९१९ मध्ये आणि पुढे १९२८ च्या ग्रंथात तिला कडक तार्किक रूप दिले. या व्याख्येनुसार संभाव्यता ही कोणाच्या मनातील खात्रीची मात्रा नव्हे. ती एखाद्या दीर्घ मालिकेचा गुणधर्म आहे. नाणे पुन्हा पुन्हा उडवत राहिले असता छापा पडण्याचे प्रमाण ज्या मूल्याकडे स्थिरावत जाते, ते मूल्य म्हणजे छाप्याची संभाव्यता. आधी समुदाय, मग संभाव्यता, हा मिझेस यांचा आग्रह होता. त्यामुळे अमुक एक गृहस्थ येत्या वर्षभरात दगावण्याची संभाव्यता किती, हा प्रश्न त्यांच्या लेखी निरर्थक ठरतो. विमा उतरवलेल्या, त्या वयाच्या माणसांच्या समुदायात मृत्यूचे प्रमाण किती, एवढेच विचारता येते. एकट्या व्यक्तीला, एकट्या घटनेला, एकट्या विधानाला संभाव्यता नसते.

या व्याख्येत एक व्रतस्थ शिस्त आहे, आणि तिच्याविषयी आम्हांला आदर वाटतो. ज्याची पुनरावृत्ती नाही त्याविषयी बोलणार नाही, असे ती म्हणते. विमा कंपनी, कारखान्यातील मालाची तपासणी, शेतीतील बियाण्यांचे प्रयोग, १९५० साली महालनोबिस यांच्या पुढाकाराने सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी, या सर्व ठिकाणी पुनरावृत्ती खरोखरच असते किंवा ती मुद्दाम घडवून आणता येते. तेथे या शिस्तीने जे काम केले आहे ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

परंतु पाया तपासायला निघालो तर दोन भेगा लगेच दिसतात. पहिली अशी की ती दीर्घ मालिका नेमकी असते कोठे? मिझेस यांच्या व्याख्येतील मालिका अनंत आहे. आपण पाहू शकतो तो नेहमीच तिचा सांत आरंभ, आणि गणितदृष्ट्या कोणताही सांत आरंभ कोणत्याही अंतिम प्रमाणाशी सुसंगत असू शकतो. पहिल्या हजार वेळी काय पडले यावरून अनंत मालिकेचे प्रमाण तर्काने बांधले जात नाही. म्हणजे अनुभवाखेरीज कशावर विश्वास न ठेवण्याची प्रतिज्ञा करणारा हा विचार, ज्याचा अनुभव कोणालाही कधीच येणार नाही अशा गोष्टीवर उभा आहे. फिशर यांनी तर १९२२ च्या निबंधात काल्पनिक अनंत समष्टीची कल्पना उघडपणेच मांडली : हाती असलेली आकडेवारी ही त्या समष्टीतून निवडलेला नमुना आहे असे मानायचे. कल्पित गोष्टींना आमचा आक्षेप कसा असेल? आमचा चरितार्थच त्यांवर चालतो. पण कथेला कथा म्हणून ओळखायचे असते, एवढे आम्ही पहिल्या वर्षाच्या वर्गातही शिकवतो.

दुसरी भेग समुदायाच्या निवडीची. पंचेचाळीस वर्षांचा एक अध्यापक घ्या. तो पंचेचाळिशीतील पुरुषांच्या समुदायात आहे, अध्यापकांच्याही आहे, तंबाखू न खाणाऱ्यांच्या आणि वडिलांना मधुमेह असलेल्यांच्याही आहे. प्रत्येक समुदायात मृत्यूचे प्रमाण वेगळे येईल. यांतले त्याचे कोणते? ही अडचण खुद्द व्हेन यांनाही दिसली होती. वारंवारतावादाच्या आत तिचे उत्तर नाही. समुदाय निवडणारा माणूस कोणत्या तरी प्रयोजनाने तो निवडतो, आणि मग येणाऱ्या आकड्याला वस्तुनिष्ठ म्हणतो.

आता प्रत्यक्ष कसोटीकडे वळू. फिशर यांचे संशोधकांसाठीचे प्रसिद्ध पुस्तक १९२५ चे, आणि प्रयोगांच्या रचनेवरील १९३५ चे. या दुसऱ्या पुस्तकात एका बाईंची गोष्ट आहे. कपात दूध आधी ओतले की चहा आधी, हे आपण चवीवरून ओळखतो असा त्यांचा दावा. फिशर आठ कप सुचवतात, चार असे आणि चार तसे. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार आहेत. बाईंना काहीच कळत नसेल, ही शून्य परिकल्पना, तरीही त्यांची निवड निव्वळ योगायोगाने पूर्ण बरोबर येण्याचे प्रमाण ७० त १, म्हणजे सुमारे १.४ टक्के. हेच ते पी-मूल्य. शून्य परिकल्पना खरी मानली असता, हाती आली तितकी किंवा त्याहून टोकाची आकडेवारी किती वेळा येईल, एवढेच ते सांगते. बाईंनी प्रत्यक्षात काय ओळखले हे त्या पुस्तकात सांगितलेले नाही. गोष्टीला शेवट नाही, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते.

येथे भाषेच्या अध्यापकाने कान टवकारले पाहिजेत. पी-मूल्याचे विधान ‘जर परिकल्पना खरी, तर ही आकडेवारी किती विरळा’ असे आहे. वाचणारा ते ‘ही आकडेवारी आली आहे, तर परिकल्पना खरी असणे किती विरळा’ असे वाचतो. जर आणि तर यांची अदलाबदल झाली. पाऊस पडला तर अंगण ओले होते. म्हणून अंगण ओले दिसले की पाऊस पडलाच, असे होत नाही. शेजाऱ्यांची टाकी वाहिलेली असू शकते. बरे, दुसरे वाचन वारंवारतावादाला परवडणारेही नाही. कारण परिकल्पना हे एकच विधान आहे, तिची मालिका नसते, आणि जिची मालिका नाही तिला संभाव्यता नाही. म्हणजे वाचकाला जे हवे असते, नेमके तेच या तत्त्वज्ञानात उच्चारण्याचीही मुभा नाही.

याचा परिणाम पाहा. एखाद्या गावात हयात गाथ्याच्या पारायणात गेलेल्या वृद्ध कीर्तनकारांपुढे आठ अभंग ठेवले, चार तुकोबांचे आणि चार नंतरच्या अनुकरणकर्त्यांचे, आणि त्यांनी ते अचूक वेगळे केले. त्याच चौकात बसणाऱ्या ज्योतिष्याच्या पोपटाने तेच आठ कागद चोचीने उचलून तेच उत्तर दिले. दोन्हीकडे पी-मूल्य एकच, ७० त १. कीर्तनकारांवर आपण विश्वास ठेवू, आणि पोपटाबाबत कागदांना काही खुणा आहेत का ते तपासू. ही दोन वेगळी उत्तरे आपल्याला कोठून मिळाली? कसोटीतून तर नाही. ती पूर्वज्ञानातून मिळाली, आणि पूर्वज्ञानाला वारंवारतावादाच्या हिशेबात जागा नाही. ते दाराबाहेर ठेवायचे, आणि निष्कर्ष लिहिताना मागच्या दाराने आत घ्यायचे, असा हा व्यवहार आहे.

क्रमिक पुस्तके ज्याला एकच नियम म्हणून शिकवतात, ती प्रत्यक्षात एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन मतांची खिचडी आहे. फिशर यांच्या मते छोटे पी-मूल्य हा परिकल्पनेविरुद्धचा एक पुरावा. त्यावरून संशोधकाने पुढचे प्रयोग करावेत. येर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांच्या १९३३ च्या निबंधात पुराव्याची भाषाच नाही. तेथे दोन पर्याय समोर ठेवायचे, चुकांचे दोन प्रकार ओळखायचे, त्यांची मर्यादा आधी ठरवायची, आणि मग नियमाप्रमाणे वागायचे. नेमन यांच्या लेखी परिकल्पना ‘स्वीकारणे’ म्हणजे ती खरी मानणे नव्हे. ती खरी असल्यासारखे वागणे. दीर्घकाळ असे वागत राहिल्यास चुकांचे प्रमाण ठरल्या मर्यादेत राहील, एवढीच हमी. फिशर यांना हे मत विज्ञानाच्या दृष्टीने घातक वाटले, आणि १९५५ साली त्यांनी तसे तिखट शब्दांत लिहिले.

हे भांडण आपल्यापासून फार दूरचे नाही. कार्ल पिअर्सन १९३३ साली निवृत्त झाल्यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने त्यांचा विभाग दुभंगून एक भाग फिशर यांना आणि दुसरा एगॉन पिअर्सन यांना दिला. नेमन तेथे १९३४ साली आले. याच वर्षांत सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे तेथे शिकत होते, आणि १९३६ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी केंब्रिजला पीएच.डी. केली ती हॅरल्ड जेफ्रीज यांच्याकडे. जेफ्रीज म्हणजे वारंवारतावाद मुळातूनच अमान्य असलेले विद्वान. हुजूरबाजारांनी पुढे १९५३ पासून पुणे विद्यापीठातील गणित व संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. म्हणजे या वादाच्या सगळ्या बाजू मराठी माणसांनी उंबऱ्याच्या आतून पाहिल्या होत्या. आणि आमच्या संशोधनपद्धतीच्या वर्गात मात्र या वादाचा उल्लेखही नसतो. फिशर यांचे पी-मूल्य घ्यायचे, नेमन-पिअर्सन यांचा स्वीकार-त्याग घ्यायचा, आणि वर ‘०.०५ सार्थकता स्तरावर शून्य परिकल्पनेचा त्याग करावा लागतो’ हे वाक्य लिहायचे. शिक्षणशास्त्राचे प्रबंध ज्यांनी चाळले आहेत त्यांना हे वाक्य घरच्यासारखे वाटेल. इतका सोपा त्याग आमच्या संतवाङ्मयातही कोणाला जमलेला नाही.

नेमन यांच्या ‘विश्वास अंतराल’ या कल्पनेचीही तीच गत. ९५ टक्के अंतराल म्हणजे खरे मूल्य त्या दोन आकड्यांच्या मध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के, असे जवळजवळ सगळे समजतात. नेमन असे म्हणत नाहीत. अशा रीतीने अंतराल काढत राहिलात तर शंभरांतले सुमारे पंच्याण्णव खऱ्या मूल्याला कवेत घेतील, असे ते म्हणतात. तुमच्या हातातला अंतराल त्या पंच्याण्णवांतला की उरलेल्या पाचांतला, याविषयी पद्धत मौन पाळते. हमी रीतीची आहे, निष्कर्षाची नाही. आणि संशोधक विद्यार्थ्याच्या हाती तर एकच निष्कर्ष असतो.

आता आमच्या क्षेत्राला थेट भिडणारा मुद्दा. एक नाणे बारा वेळा उडवले, नऊ वेळा छापा आणि तीन वेळा काटा पडला. नाणे छाप्याकडे झुकलेले आहे काय? ‘बारा वेळा उडवायचे’ असे आधी ठरवले असेल तर एका बाजूच्या कसोटीने पी-मूल्य सुमारे ०.०७३ येते, म्हणजे फरक सार्थ नाही. ‘तिसरा काटा पडेपर्यंत उडवायचे’ असे ठरवले असेल तर तेच पी-मूल्य सुमारे ०.०३३ येते, म्हणजे फरक सार्थ. नाणे तेच, फेकी त्याच, त्यांचा क्रमही तोच. बदलला तो उडवणाऱ्याच्या मनातील हेतू. कारण न घडलेल्या कोणत्या घटना हिशेबात धरायच्या, हे त्या हेतूवरून ठरते. विमसॅट आणि बीअर्ड्स्ली यांनी कलाकृतीचा अर्थ कर्त्याच्या हेतूवरून ठरवणे हा तर्कदोष आहे असे १९४६ साली मांडले, आणि तेव्हापासून साहित्याच्या वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना ‘कवीला काय म्हणायचे होते ते विसरा, संहितेत काय आहे ते पाहा’ असे बजावत आलो. तेच विद्यार्थी संशोधनपद्धतीच्या तासाला जातात आणि तेथे त्यांना वस्तुनिष्ठतेचा आदर्श म्हणून जे दाखवले जाते, त्याचा अर्थ संशोधकाच्या मनातील हेतू कळल्याखेरीज लागत नाही. वारंवारतावादी यावर म्हणतील की म्हणूनच हेतू आधी नोंदवून ठेवावा. हे मान्य. पण मग निदान आत्मनिष्ठतेचा ठपका साहित्यसमीक्षेवर ठेवताना आवाज थोडा खाली घ्यावा.

आता आमच्या विद्यार्थिनीच्या विषयाकडे परत येऊ. ज्ञानेश्वरी आणि अभंग यांच्या शब्दांवर काय-स्क्वेअर लावायची, तर शून्य परिकल्पना काय असेल? ती ‘दोहोंचा कर्ता एक’ अशी असूच शकत नाही. कसोटीला समजेल अशा भाषेत ती अशी होईल : शब्दांनी भरलेला एक रांजण आहे, आणि दोन्ही ग्रंथांतले शब्द त्याच रांजणातून डोळे झाकून, एकेक, परस्परांशी संबंध न ठेवता काढलेले आहेत. ही परिकल्पना खोटी आहे हे सांगायला कसोटी कशाला हवी? कोणताही कवी शब्द असे काढत नाही. ओवीत आधीचा शब्द पुढच्याला ओढून आणतो, यमक एकाला बोलावते आणि दुसऱ्याला परतवते. एकीकडे गीतेवरील टीका आहे, दुसरीकडे गाण्यासाठी रचलेले अभंग. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, आणि शके १५०६ मध्ये एकनाथांनी शुद्ध केलेली. अभंग मुखोद्गत परंपरेने, गाणाऱ्यांच्या ओठी बदलत आलेले. कसोटी शून्य परिकल्पनेचा त्याग करील यात शंकाच नाही. पण त्याग होईल तो रांजणाचा. एका कर्त्याला त्याची झळही लागणार नाही.

शिवाय मजकूर जितका मोठा तितका बारीकसा फरकही सार्थ ठरतो, हा या कसोट्यांचा स्वभाव आहे. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. तिचा योगाचे वर्णन करणारा सहावा अध्याय आणि क्षेत्र-क्षेत्रज्ञाची चर्चा करणारा तेरावा अध्याय यांच्या शब्दांवर हीच कसोटी लावली तर तेथेही फरक सार्थ येईल, अशी आमची खात्री आहे. विषय वेगळा तर शब्द वेगळे. त्या न्यायाने अठरा अध्यायांचे अठरा ज्ञानेश्वर मानावे लागतील. आणि पायाचा प्रश्न तर याच्याही खाली आहे : ज्ञानेश्वरी हा कशाचा नमुना? ती संपूर्ण आपल्यापुढे आहे. कोणत्या अनंत मालिकेत नेवाशाचा तो प्रसंग पुन्हा पुन्हा घडणार आहे, म्हणजे त्याची वारंवारता काढता येईल?

कर्तृत्वाचा प्रश्न आकड्यांनी सोडवता येतच नाही, असे मात्र आम्ही म्हणत नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ लेखांपैकी बारांच्या कर्तृत्वाविषयी वाद होता : हॅमिल्टन की मॅडिसन? फ्रेडरिक मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस यांनी १९६४ साली अगदी साध्या, विषयाशी संबंध नसलेल्या शब्दांच्या वापरावरून ते मॅडिसनचे असल्याचा जवळजवळ निर्विवाद निर्वाळा दिला. त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. दोघांचेही निर्विवाद आणि एकाच प्रकारचे लेखन त्यांच्या हाती होते. दोन नामनिर्दिष्ट पर्याय त्यांनी समोरासमोर ठेवले आणि तराजू कोणाकडे किती झुकतो ते काढले. त्यांच्या अभ्यासाचा मुख्य भाग, थॉमस बेझ यांच्या १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधातून निघालेल्या परंपरेतला आहे. तीत पूर्वमत लपवायचे नसते. ते आकड्यात मांडून टेबलावर ठेवायचे असते. ही परंपरा निर्दोष आहे असा आमचा दावा नाही. पूर्वमत कोणाचे, आणि तेच का, हा प्रश्न तिला नेहमीच विचारला जाईल. पण तो तिला विचारता तरी येतो.

‘दोष वापरणाऱ्यांचा आहे, पद्धतीचा नाही’ हे उत्तर आम्हांला अपुरे वाटते. हॅलर आणि क्राउस यांनी २००२ साली जर्मनीतील सहा विद्यापीठांत, सार्थक निकालाविषयीची सहा चुकीची विधाने मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना दाखवली. प्रत्येक विद्यार्थ्याने किमान एक विधान बरोबर मानले. आणि संख्याशास्त्रीय पद्धती शिकवणाऱ्यांपैकीही ८० टक्क्यांनी तेच केले. २०१५ साली मानसशास्त्रातील १०० प्रसिद्ध अभ्यासांची पुनरावृत्ती करण्यात आली. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के सार्थ होते, पुनरावृत्तीत ३६ टक्के उरले. २०१६ साली अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने निवेदन काढून सांगितले की पी-मूल्य हे परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता मोजत नाही. ज्या गोष्टीचा गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या एकाच दिशेने होतो, आणि त्याच गैरसमजामुळे जिची मागणी टिकून राहते, तिची जबाबदारी केवळ ग्राहकावर टाकून मोकळे होता येत नाही.

या गैरसमजातला मराठीचा वाटा आमच्या पदरी आहे. इंग्रजीतील संज्ञेसाठी आपण ‘सार्थ’ आणि ‘सार्थकता’ हे शब्द रुळवले. काही जण ‘लक्षणीय’ म्हणतात, ते त्यातल्या त्यात बरे. सार्थ म्हणजे अर्थासहित. ज्या आकड्याला अर्थ अजून लावायचा आहे, त्यालाच आपण अर्थासहित म्हणून टाकले. ‘सार्थ ज्ञानेश्वरी’त अर्थ निदान शेजारी छापलेला असतो. आमच्या मते येथे ‘दखलपात्र’ हा शब्द योग्य होईल. तो कचेरीतला आहे, रूक्ष आहे, पण नेमका आहे. दखलपात्र गुन्हा नोंदला म्हणजे आरोप सिद्ध झाला असे कोणी मानत नाही; तपास सुरू करणे भाग आहे, एवढाच त्याचा अर्थ. फिशर यांना सुरुवातीला अभिप्रेत होते ते फार तर इतकेच. ‘०.०५ स्तरावर फरक दखलपात्र आहे’ असे लिहिलेल्या प्रबंधात पुढचे प्रकरण लिहावेच लागेल. ‘सार्थ आहे’ असे लिहिले की उपसंहार सुरू होतो.

साहित्याच्या संशोधनात मोजणीला अवश्य जागा असावी. पण कसोटी लावण्याआधी मालिका कोणती, समष्टी कोणती, आणि शून्य परिकल्पना नेमकी काय म्हणते हे साध्या मराठीत लिहिण्याची सक्ती विद्यार्थ्यावर, आणि तितकीच समितीवर असावी. जेथे ते लिहिता येत नाही, तेथे कसोटीही असू नये. यावर संख्याशास्त्राच्या अध्यापकांनी प्रतिवाद करावा. आम्ही तो शिकण्याच्या तयारीने वाचू.

आमच्या विद्यार्थिनीचा आराखडा पुढच्या बैठकीत पुन्हा जाणार आहे. शब्द ती मोजणारच आहे, आणि प्रत्येक फरकापुढे त्याची तीन संभाव्य कारणे लिहिणार आहे : रचनाप्रकार, पाठपरंपरा, कर्ता. शून्य परिकल्पनेच्या चौकटीत तिने रांजणाचे ते वाक्य जसेच्या तसे लिहिले आहे, आणि खाली ‘ही परिकल्पना खोटी असल्याचे आधीच ठाऊक असल्याने चाचणी प्रस्तावित नाही’ अशी नोंद केली आहे. समिती काय म्हणते ते पाहायचे. आराखडा दुसऱ्यांदा परत आला तर ती नोंद खोडायला आम्ही तिला सांगणार नाही.